पाहिजेत : जर्मनचे मास्तर

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात इडलीपात्र मिळतं, सत्यनारायणाला गुरुजी मिळतात, उकडीचे मोदक घरपोच येतात आणि लेंग्याची नाडी बदलून देणारा शिंपीही फार लांब नसतो. जर्मनचा मास्तर तेवढा मिळत नाही. हा शोध प्रस्तुत लेखकाला 2023च्या सप्टेंबरात लागला आणि पुढचे दोन महिने तो दुसऱ्या कशाबद्दल बोलला नाही, अशी त्याच्या पत्नीची तक्रार आहे.

झालं होतं असं, की लेखकाची कन्या अकरावीत गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या शाळेतल्या जर्मनच्या बाई निवृत्त झाल्या. एपी जर्मनच्या वर्गाला मुलं उरली सात. सात मुलांसाठी नवा शिक्षक नेमण्याइतकी शाळा भावनाप्रधान नव्हती. समुपदेशक बाईंनी गोड हसून सांगितलं, की वर्ग बंद झाला तरी परीक्षेला बसता येतं, कारण कॉलेज बोर्डाला विद्यार्थी वर्गात बसला होता की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. फी 98 डॉलर, नावनोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न त्यांनी कुटुंबावर सोपवला.

एपी म्हणजे कॉलेज बोर्ड घेतं ती, शाळेतच द्यायची, कॉलेजच्या पातळीची परीक्षा. गुण एक ते पाच. चार-पाच मिळाले तर बऱ्याच विद्यापीठांत एखाद्या विषयाचं श्रेय आयतं पदरात पडतं आणि तेवढी फी वाचते. लेखकाने ही वाचणारी रक्कम कन्येला कळायच्या आत रुपयांत करून पाहिली होती.

मुळात जर्मनच का? आठवीत भाषा निवडताना तिच्या सगळ्या मैत्रिणींनी स्पॅनिश घेतलं, म्हणून हिने घेतलं नाही. एवढंच. एपी स्पॅनिशला दरवर्षी लाखाच्या वर मुलं बसतात, जर्मनला काही हजार. स्पॅनिशची शिकवणी चौकाचौकात. जर्मनसाठी मात्र घरच्या माणसांनी वधुसंशोधनाच्या जिद्दीने बाहेर पडायचं.

पहिलं स्थळ एका विद्यापीठातल्या तरुणाचं. तासाला 80 डॉलर. म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेसहा हजार रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत पुण्यात लेखक स्वतः वर्षभर गणिताच्या शिकवणीला गेला होता, आणि तिथे अधूनमधून चहाही मिळत असे. तरुण गुणी होता, पण त्याला परीक्षेचं स्वरूप ठाऊक नव्हतं. ‘आपण मस्त गप्पा मारू,’ असं तो म्हणाला. तासाला 80 डॉलर देऊन गप्पा मारण्याची या घरात कोणालाच सवय नव्हती.

दुसरं स्थळ शनिवारच्या जर्मन शाळेचं. तिथे चौकशीला गेल्यावर कळलं, की ही शाळा घरात जर्मन बोलणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. सगळी मुलं आजीशी जर्मनमध्ये भांडत होती. बोर्ड निकालाचे आकडे काढताना अशा मुलांना बाजूला काढून उरलेल्यांचा वेगळा हिशेब देतं, ते का, हे लेखकाला दारातच कळलं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या वळणाने चालणाऱ्या रविवारच्या मराठी शाळेत एखादा गोरा मुलगा येऊन बसला, तर त्याची जी गत होईल ती इथे कन्येची झाली असती.

तिसरे गृहस्थ निवृत्त इंजिनिअर. 1971मध्ये श्टुटगार्ट सोडून अमेरिकेत आलेले. माणूस लाख, फी माफक, शिवाय घरचा सफरचंदाचा केक. अडचण शुद्धलेखनाची होती. जर्मन लिपीत एस्त्सेट नावाचं एक अक्षर आहे, रोमन बी खालून उसवल्यासारखं दिसतं. 1996च्या लेखनसुधारणेने ते ऱ्हस्व स्वरानंतर काढून टाकलं आणि तिथे दोन एस आणले. गृहस्थांनी ही सुधारणा वैयक्तिक अपमान म्हणून घेतली होती. कन्येने दोन एस लिहिले की ते लाल पेनने उसवलेला बी बसवत. लेखकाला आपले आजोबा आठवले. 1962च्या नियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तरी आजोबांनी शेवटच्या पत्रापर्यंत प्रत्येक ‘घरें’वर टिंब दिलं होतं. लेखकाला त्या टिंबांबद्दल प्रेम आहे. पण आजोबा कोणाला बोर्डाच्या परीक्षेला बसवत नव्हते.

चौथे हानोफरचे.

जर्मनीत असा समज आहे, की सर्वांत शुद्ध जर्मन हानोफर शहरात बोललं जातं. हे त्या गृहस्थांनी पहिल्या तीन मिनिटांत सांगितलं. लेखकाचा जन्म सदाशिव पेठेतला असल्यामुळे त्याला हा आवाज ओळखीचा वाटला. ऑस्ट्रियातले लोक टोमॅटोला ‘पाराडायझर’ आणि जानेवारीला ‘येनर’ म्हणतात, स्वित्झर्लंडवाल्यांनी तर एस्त्सेट पूर्णच टाकून दिलं, हे सांगताना गृहस्थांच्या चेहऱ्यावर जी वेदना होती, तीच लेखकाच्या मावशीच्या चेहऱ्यावर कोणी ‘मी आली’ म्हटलं की दिसते. दोघांचं छान जमलं. कन्येचं जमलं नाही. तिचा ‘र’ न्यू जर्सीचा आहे, असं निदान झालं. हानोफरचा ‘र’ घशातून येतो आणि तो बसायला सहा महिने लागतील, मग व्याकरण. परीक्षा मे महिन्यात होती.

नोव्हेंबर उजाडला. 98 डॉलर भरून झाले, मास्तर नाही. कन्या फोनवरच्या हिरव्या घुबडाकडून जर्मन शिकू लागली. घुबड तिला रोज विचारी, की अस्वल बिअर पितं का.

शेवटी लेखकाने कोथरूडला आत्याला फोन केला, तो खरं म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. बोलता बोलता दुखणं निघालं. आत्या म्हणाली, ‘‘जर्मन? अरे, आमच्या गल्लीत तिघी शिकवतात. कितीपर्यंतचं हवंय?’’

यात अतिशयोक्ती फार नव्हती. पुण्यातल्या कित्येक शाळांत आठवीला संस्कृत की जर्मन की फ्रेंच हा प्रश्न येतो आणि घरोघरी त्यावर ‘स्कोअरिंग कुठलं’ अशी साधकबाधक चर्चा झडते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, आणि गोएथे इन्स्टिट्यूट पुण्यात मॅक्स म्युलर भवन या नावाने नांदतं. ज्यांचं हे नाव, ते 1823मध्ये देसाऊला जन्मले, ऋग्वेदाची आवृत्ती ऑक्सफर्डमध्ये बसून काढली आणि भारतात एकदाही आले नाहीत. त्यामुळे न्यू जर्सी न पाहता न्यू जर्सीतल्या मुलीला शिकवायला पुण्यात कोणाला संकोच वाटण्याचं कारणच नव्हतं. 2009मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, मर्सिडीजही तिथेच आली आणि जर्मनला संस्कृतपेक्षा चांगले दिवस आले.

आत्याच्या गल्लीतल्या मॅडमना रिकामा वेळ होता फक्त सकाळी सातचा. नंतर नर्स मुलींची बॅच, मग इंजिनिअरांची. पुण्यातले सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेने घड्याळं तासभर पुढे सरकवली आणि साडेआठचे साडेनऊ झाले. भारत असलं काही करत नाही. ‘‘सरकार तुमचं बदललं की घड्याळ?’’ असं मॅडमनी विचारलं आणि वेळ सातचीच ठेवली. तासाचे आठशे रुपये. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हा मॅडम भाव वाढवतील अशी लेखकाला धास्ती पडली होती. त्यांनी वाढवला नाही, फक्त बॅचमध्ये जागा नाही हे दोनदा ऐकवलं.

पहिल्या तासातली वीस मिनिटं ‘मूळचे कुठले तुम्ही’ यात गेली. मग मॅडमनी कन्येला विचारलं, ‘‘थंडी वाजतेय हे जर्मनमध्ये सांग.’’ बाहेर बर्फ होतं. कन्येने इंग्रजीवरून हिशेब करून सांगितलं, ‘इश बिन काल्ट.’

‘‘म्हणजे तू थंड बाई आहेस,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मराठीत काय म्हणशील?’’

‘‘मला थंडी वाजते.’’

‘‘मला. मीर. मीर इस्ट काल्ट. कंटाळा आला?’’

‘‘मला कंटाळा आला.’’

‘‘मीर इस्ट लांगवायलिश. इंग्रजी बंद कर.’’

लेखक दारामागे उभा राहून हे ऐकत होता. कन्येने त्याआधी तीन वर्षं रविवारची मराठी शाळा केली होती. तिथे ती ‘माझं नाव’ आणि ‘मला भूक लागली’ यांच्यापुढे गेली नव्हती. आता रात्री नऊ वाजता तिला चतुर्थी विभक्ती का लागते हे जाणून घ्यायची तहान लागली. मराठीच्या विभक्त्या आठ, जर्मनच्या चार. ‘अर्धंच तर आहे,’ असं मॅडम म्हणत. क्रियापदाचंही तेच. जर्मनमध्ये ‘कारण’ असा शब्द आला, की त्या पोटवाक्याचं क्रियापद शेवटी जातं आणि अमेरिकन मुलं गोंधळतात, कारण त्यांना क्रियापद लवकर उरकून टाकायची घाई असते. मराठी माणूस जन्मापासून शेवटच्या शब्दापर्यंत थांबलेलाच असतो. ‘काल रात्री पावसात छत्री नसताना त्या दुकानापाशी मी तुझ्या काकांना...’ इथपर्यंत ऐकूनही पाहिलं, मारलं की उसने पैसे दिले, हे त्याला कळलेलं नसतं.

लिंगाचं प्रकरण मात्र कोर्टात गेलं. मराठीत तो-ती-ते, जर्मनमध्ये डेर-डी-दास. घरात आनंदीआनंद. मग कोणीतरी जेवणाच्या टेबलावर तपासणी केली. चमचा जर्मनमध्येही पुल्लिंगी. काटा तिथे स्त्रीलिंगी. सुरी नपुंसक. तिनात एक, म्हणजे तेहतीस टक्के. एसएससीतही नापास. सूर्य तिकडे बाई आहे, चंद्र मात्र आपल्यासारखाच पुरुष. मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून कन्या संतापली. त्या शब्दाला लागलेला ‘-शेन’ हा लडिवाळपणाचा प्रत्यय आहे आणि तो लागला की काहीही नपुंसक होतं, अशी मॅडमनी समजूत घातली. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी सोफ्यावर वाती वळत होती. ती म्हणाली, ‘‘त्यात काय? ते पोर, ते लेकरू, ते कार्टं. मी तुला कार्टं म्हणते तेव्हा रागावतेस का?’’

मार्क ट्वेनने 1880मध्ये जर्मन भाषेच्या भयानकपणावर एक अख्खा निबंध लिहिला होता. त्याच्या सोफ्यावर वाती वळणारी आजी नव्हती.

परीक्षेचं स्वरूप मॅडमनी दोन दिवसांत पाठ केलं. पंच्याण्णव मिनिटांत 65 बहुपर्यायी प्रश्न, वाचून आणि ऐकून. ऐकण्याच्या सरावासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. पुण्यात सकाळी सातला मॅडमच्या मागे कुकर तीन शिट्ट्या करी, खाली भंगारवाला ओरडे, आणि त्यातून षष्ठी वेगळी काढायची कन्येला सवय झाली. पुढे 15 मिनिटांत एका औपचारिक ई-मेलला उत्तर. अमेरिकन मुलं इथे ‘डू’ आणि ‘झी’ यांत आपटतात. कन्येला मॅडमनी एवढंच विचारलं, ‘‘आजीला काय म्हणतेस?’’ तू. ‘‘आजोबांना?’’ तुम्ही. ‘‘देवाला?’’ तू. ‘‘जर्मनही देवाला डूच म्हणतात, आणि आजोबांनाही. परक्या माणसाला मात्र, तू आजोबांना म्हणतेस तसं, झी.’’ आपल्याकडे आजोबांना देवापेक्षा मान का, हे लेखकालाही सांगता आलं नसतं.

मग संभाषण. ध्वनिमुद्रित माणूस पाच वेळा काहीतरी बोलतो आणि दर वेळी 20 सेकंदांत उत्तर द्यायचं. कन्या चौदाव्या सेकंदाला संपायची आणि उरलेले सहा सेकंद शांतता. मॅडमनी तोड काढली : शेवटी ‘ओडर?’ म्हणायचं. शब्दशः ‘किंवा?’, पण जर्मन माणूस ते आपल्या ‘हो ना?’सारखं वापरतो. त्याने एक सेकंद भरतो आणि समोरच्यावर जबाबदारी पडते.

सगळ्यांत कठीण शेवटचा प्रश्न. चार मिनिटांची तयारी आणि दोन मिनिटांचं भाषण : आपला समाज आणि एखादा जर्मनभाषक समाज, तुलना करा. आपला समाज म्हणजे कुठला? यावर घरात एक अख्खा रविवार गेला. एडिसन म्हणावं तर सांगण्यासारखं मॉल आणि पार्किंग. लेखकाच्या पत्नीने गणपती सुचवला. मॅडमनी नकार दिला, कारण गणपती सगळेच सुचवतात. बाटल्यांवर अनामत आणि रद्दीवाला हा विषयही निघाला. जर्मनीत 2003पासून एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत धरतात, रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत. रद्दीवाल्याशी घासाघीस करावी लागते, यंत्राशी करता येत नाही, हा त्यातला मुख्य फरक. पण शेवटी ठरली ‘मिटागस्रूऽ’. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असते. गवत कापणं नाही, भिंतीत ड्रिल मारणं नाही. आणि पुण्यात कित्येक दुकानं एक ते चार बंद. मॅडमनी तो तास वेगळा घेतला आणि त्यात त्या पहिल्यांदाच हळव्या झाल्या.

मेमध्ये परीक्षा झाली. भाषणाला दुपारची झोप आली नाही, आली सुट्टीतली माणसं आणि प्रवास. कन्येने तरीही पुण्याला जाऊन दुपारी एकला दुकानासमोर उभ्या राहिलेल्या प्रवाशाची गोष्ट घुसवली. संभाषणात चौथ्या उत्तराला ती तेराव्या सेकंदाला संपली. सवयीने शेपूट जोडलं आणि बीप वाजला.

निकाल जुलैच्या सुरुवातीला लागला. चार. लेखकाने पुण्यात सकाळचे सात व्हायची वाट पाहून फोन लावला. कुकर चालू होता.

‘‘चार?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘संभाषणात शेवटी काय म्हणाली ती?’’

कन्या जरा थांबली. ‘‘हो ना.’’

‘‘जर्मनमध्ये विचारतेय मी.’’

‘‘मॅडम, मी ‘हो ना’ म्हणाले.’’

तिसरी शिट्टी झाली. ‘‘पुढच्या वर्षी,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘धाकट्याला पाठवणार असाल तर आत्ताच सांगून ठेवा. सातला दुसरी मुलगी घेतलीय, डॅलसची. सहा रिकामे आहेत.’’