मला होणार नाही, सोबत पुरावे जोडले आहेत

मॅडमनी दहा संदर्भ मागितले होते आणि प्रत्येकावर दीडशे शब्दांचं टिपण. दीडशे! एवढ्यात मी कुणाला नीट नमस्कारसुद्धा करत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना विचारा. ‘बाराशेच्या आत’ असं त्यांनी अधोरेखित करून कळवलं, की मी अठराशे शब्द पाठवतो आणि सोबत लिहितो, ‘आवश्यक वाटल्यास वाढवता येईल.’

विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. निवृत्तीनंतर मानसशास्त्राच्या एम.ए.ला येऊन बसलेला माणूस ‘ज्येष्ठांचे समायोजन’ असलं काहीतरी घेणार, अशी वर्गाची खात्री होती. मी अल्झायमर घेतला. ‘काका, एवढा अवघड?’ असं मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, तेव्हा मी पुरस्कार नाकारणारे लेखक हसतात तसा हसलो. पुरस्कार नाकारायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, पण हसण्याची तयारी आहे.

खरं कारण वेगळं होतं. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला, दादाला, हा आजार आहे. आईवडिलांना किंवा भावंडांना असला तर आपलीही जोखीम वाढते, हे मी कॉलेजात प्रवेश घेण्याआधीच वाचलेलं होतं. तेव्हा संदर्भसूची हे निमित्त. मला दाखला हवा होता: सदर इसमास हा आजार होणार नाही, सोबत पुरावे जोडले आहेत. दहा पुरावे, एपीए पद्धतीने, आडनावांच्या अनुक्रमाने.

अनुक्रमाने पहिला आला खुद्द अल्झायमर. असं सोयीचं आडनाव असलेल्या माणसाने आजार शोधावा, हे सूचीकारांवर उपकारच आहेत. 1901 च्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर ही 51 वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिला प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून ठेवत. 1906 मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साठलेला गाळ आणि आत धाग्यांचे गुंते त्यांना दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं. भाषण संपलं. एकही प्रश्न आला नाही. सभा पुढच्या वक्त्याकडे वळली.

हे वाचून मला अल्झायमरबद्दल एकदम जवळीक वाटली. माझ्या व्याख्यानानंतरही प्रश्न येत नाहीत. फरक एवढाच, की चार वर्षांनी क्रेपेलिन या बड्या मनोविकारतज्ज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव देऊन टाकलं. माझा क्रेपेलिन अजून भेटायचाय.

आउगुस्टची मूळ फाइल 1995 साली फ्रांकफुर्टमध्येच सापडली. तोवर ती कुठे ठेवली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. या आजाराच्या पहिल्या फाइलीने दुसरं काय करावं म्हणा! तीत एक नोंद आहे. बाई जेवत होती, ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. काय खाताय असं विचारल्यावर म्हणाली, पालक. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने स्वतःचंच सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही उत्तरं जशीच्या तशी टिपून घेतली.

पालकाला मी हसलो. मग साताऱ्याला दादाकडे गेलो असताना जेवायला दोडका होता आणि दादा म्हणाला, ‘वांगं फक्कड झालंय.’ वहिनी म्हणाली, ‘आवडलं ना? उद्या परत करते.’ दुसऱ्या दिवशी तिने परत दोडकाच केला आणि तोही वांगं म्हणून संपला. डॉक्टरांनी उत्तर टिपलं, वहिनीने वाढून दिलं. विज्ञानाला पहिल्याची गरज असते हे मान्य आहे. जेवणाऱ्याला कशाची असते, यावर मला अजून संदर्भ मिळालेला नाही.

दुसऱ्या पुराव्यासाठी मी सरळ गर्दीचा माग काढला. ज्याचा हवाला सर्वांत जास्त लोकांनी दिला तो निबंध थोर, असा आपला हिशेब. 2006 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका निबंधाचा हवाला दोन हजारांहून जास्त वेळा दिला गेला होता. उंदरांच्या मेंदूतलं एक विशिष्ट प्रथिन स्मृती पुसतं, असा त्याचा दावा. नीट खाली वाचत गेलो तर सूचना होती: त्यातल्या चित्रांत फेरफार आढळल्यामुळे 2024 मध्ये निबंध मागे घेतला आहे. अठरा वर्षं! मला वाईट वाटायला हवं होतं. मी हर्षभरित झालो. वर्गातली निम्मी मुलं हा निबंध मोठ्या आदराने यादीत घालणार आणि मी एकटाच ‘मागे घेतलेला’ असा शेरा मारून घालणार! मॅडम मला ‘सर’ म्हणतात आणि मी त्यांना ‘मॅडम’. अशा क्षणी नक्की कोण कुणाला शिकवतंय याचा वर्गाला संभ्रम पडावा, अशी माझी माफक इच्छा असते.

आता नन. इथे मी दीडशेची मर्यादा मोडणार आहे, कारण संदर्भ वाचता वाचता मी एखाद्याच्या प्रेमात पडलो असेन तर तो हाच.

डेव्हिड स्नोडन या साथरोगशास्त्रज्ञाने 1986 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये एका धर्मसंघातल्या नन अभ्यासायला घेतल्या. पुढे त्यांची संख्या 678 झाली, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. दरवर्षी स्मृतीच्या चाचण्या द्यायच्या आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचा, हे प्रत्येकीने कबूल केलेलं. संशोधकाला याहून मोठं सुख नाही. एक स्वयंपाकघर, एक दिनक्रम, सिगारेट नाही, नवरा नाही, मुलंबाळं नाहीत. मराठी घरात असा अभ्यास करायचा म्हटलं तर चहात साखर किती, इथपासूनच दोन गट पडतील.

आणि मठाच्या दप्तरात एक घबाड मिळालं. यांतल्या पुष्कळ जणींनी विशीच्या सुरुवातीला, व्रत घेण्याआधी, स्वतःबद्दल एकेक पान लिहून दिलेलं होतं. संशोधकांनी ती पानं काढली आणि दर दहा शब्दांत किती कल्पना आहेत ते मोजलं. याला आपण कल्पनाघनता म्हणू. 1996 मध्ये निष्कर्ष छापून आले. तोवर पानं मोजलेल्यांपैकी ज्या 14 नन वारल्या होत्या त्यांचे मेंदू तपासलेले होते. तरुणपणी ज्यांनी विरळ लिहिलं होतं त्या सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर निघाला. घन लिहिणाऱ्यांपैकी एकीच्याही नाही.

मी खुर्चीतून उठलो. मी तर लेखक! दाखला मिळाला!

आनंद फार टिकला नाही, कारण लगेच लक्षात आलं की आपण विनोदी लेखक आहोत. आमचा धंदाच एक कल्पना दीड हजार शब्दांवर पसरण्याचा. खात्रीसाठी मी माझा ‘चष्मा’ हा गाजलेला लेख मोजायला घेतला (गाजलेला म्हणजे शेजाऱ्यांनी परत मागितलेला). चष्मा हरवतो. तो कपाळावर असतो. कल्पना दोन, पानं पाच.

पण अभ्यास विशीतल्या लिखाणाचा होता, तेव्हा आशेला जागा होती. माळ्यावरच्या ट्रंकेतून कॉलेजचं वार्षिक काढलं. त्यात माझा ‘पाऊस आणि मी’. ‘पाऊस आला. आला तो आलाच. येतच राहिला. आणि मी? मी पाहतच राहिलो.’ पुढची दोन पानं मी पाहतच राहिलेला आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपण मुळातच घन लिहितो, असा बचावही मी तयार केला. पण ज्याला प्रत्यय लावायचा ती कल्पना तरी हवी!

त्याच ट्रंकेत वडिलांनी जपून ठेवलेल्या पत्रांचा गठ्ठा होता. दादाने विशीत होस्टेलवरून पाठवलेलं एक आंतर्देशीय वर आलं. ‘मनीऑर्डर पोचली. मेस व फी भागवून सात रुपये उरले. गणित उत्तम, केमिस्ट्री बरी. खोकला गेला. आईची मोतीबिंदूची तारीख कळवा, रजा टाकतो. धाकट्याला भूमितीला बसवा, नुसता लिहीत बसतो.’ मोजून पाहायची गरजच नव्हती. हा माणूस पुढे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाला, शब्दकोडं पेनने सोडवायचा आणि मुलांचे पाढे अंगणातून ऐकून चूक पकडायचा. ननच्या मापाने त्याला काही व्हायला नको होतं. व्हायला हवं होतं ते ‘पाहतच राहिलो’ लिहिणाऱ्याला.

शेकडो जणींचा कल एका माणसाला लागू करता येत नाही, हे पहिल्या सत्राच्या संख्याशास्त्रात शिकवतात आणि मला त्या पेपरात चांगले गुण आहेत. याच अभ्यासात सिस्टर मेरी म्हणून एक आहे. 101 व्या वर्षी वारली, शेवटपर्यंत चाचण्यांत हुशार, आणि मेंदू उघडला तर तोच गाळ नि तेच गुंते खच्चून भरलेले. म्हणजे मेंदूत सगळं असून बाईचं काही अडलं नाही. मला हे सगळं समजतं. तरी ते आंतर्देशीय हातात धरून मी बराच वेळ मनातल्या मनात त्या 678 जणींशी भांडत बसलो होतो.

सूचीत मला ‘अस्तु’ हा चित्रपटही घालायचा होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्मृती हरवलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. पंडितांचं काम मोहन आगाशे यांनी केलंय, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. मॅडमनी विचारलं, ‘सर, पिअर रिव्ह्यूड आहे का?’ म्हटलं, माझ्या बरोबरीच्यांनी, म्हणजे आमच्या सकाळच्या कट्ट्याने, तपासलाय. दोघं रडले, एक जण झोपला. त्यांनी तो संदर्भ खोडला.

त्याऐवजी झॅरिटची प्रश्नावली घेतली. आजारी माणसाला सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो ते मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी ती 1980 मध्ये पुढे आणली. प्रचलित रूपात 22 प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. मी ती मराठीत उतरवून साताऱ्याला नेली. वहिनी गवार मोडत होती. मी चष्मा सावरून, तज्ज्ञाच्या आवाजात एकेक प्रश्न वाचू लागलो आणि ती मान वर न करता ‘एक लिहा भाऊजी’, ‘शून्य लिहा’ असं म्हणत गेली. एका प्रश्नाचा आशय असा होता, की तुमचं माणूस गरजेपेक्षा जास्त मदत मागतं असं तुम्हाला वाटतं का?

तिचा हात थांबला. ‘हे मागतात कुठे? मागितली असती तर बरं झालं असतं.’

याला शून्य द्यायचं की चार, ते मला ठरवता आलं नाही.

वहिनी संत वगैरे नाही. ‘आज काय वार?’ हे एका दुपारीत पुनःपुन्हा ऐकून ती ओरडली होती, ‘रोज सोमवारच आहे!’ मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. शोधनिबंधांत ती फारशी येतच नाही. आलीच तर तक्त्याखालच्या तळटीपेत, ‘माहिती देणारी व्यक्ती’ म्हणून. आणि नातेवाइकांत येते ती आरोपी म्हणून. ‘बदाम द्यायचात ना वेळेवर?’ ‘डोक्याला काही व्यायाम ठेवला नसेल.’ ‘आमचे हे रोज डाव्या हाताने दात घासतात.’

इथे मात्र माझं डोकं फिरतं. 2023 साली आलेल्या एका पाहणीच्या अंदाजानुसार देशात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. एवढ्या सगळ्यांनी बदाम चुकवले? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली: बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, अपुरं शिक्षण, एकटेपण, दूषित हवा वगैरे. ही सगळी दूर करता आली तर 45 टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब. हे 45 टक्के रोज सकाळी ‘शुभ प्रभात’बरोबर सगळ्यांच्या फोनवर येतात. उरलेले 55 टक्के कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यांत फुलं टाकता येत नाहीत. आणि त्या 45 मधलीही साताऱ्याची हवा काही दादाने खराब केलेली नाही. नीट जगलेल्या माणसाला आजार झाला म्हणजे तो कुठेतरी चुकला असणारच, या समजुतीत दादाबद्दल काहीच नसतं. बोलणाऱ्याला स्वतःसाठी दाखला हवा असतो. मला ते चांगलं कळतं. मी त्यासाठी फी भरलेली आहे.

दाखला मिळाला नाही. सूची पूर्ण झाली आणि मी वर्गापुढे ती सादर केली, वेळेपेक्षा थोडी जास्त. मॅडमनी ‘प्रश्न?’ म्हटलं आणि मागच्या बाकावरून हात वर आला. ट्युबिंगनला जे अल्झायमरला मिळालं नाही ते मला मिळालं होतं!

‘काका, मग करायचं काय? माझी आजी मला रोज बदाम भिजवून देते.’

‘आवडत असतील तर खा,’ मी म्हणालो. ‘आजीला ऐकू नीट येतं का?’

‘नाही ना. मशीन आणलंय, पण डबीत ठेवते. फक्त लग्नाला लावते.’

‘मग बदामाचं राहू दे. आधी ते मशीन रोज कानात घालायला लाव. बहिरेपण त्या 14 कारणांत आहे.’

तिने ते लिहून घेतलं. ‘हे तुमच्या सूचीत कितवं, काका?’

‘सातवं,’ मी म्हणालो. ‘पान क्रमांकही तोंडपाठ आहे.’

कुणी विचारला नाही.