मांडीवर शिगाराकी

कलेतलं मला कळतं, असा माझा जुना लौकिक आहे. तो मीच पसरवलाय. त्यामुळे ओसाकाला नोकरी करणाऱ्या भाच्याने "मामा, शिगाराकीला घडे बघायला येतोस?" असं विचारल्यावर नाही म्हणायची सोय उरली नाही.

शिगाराकी म्हणजे जपानातल्या सहा जुन्या कुंभारगावांपैकी एक. पण रस्त्यावर आधी भेटतात ते तानुकी नावाच्या प्राण्याचे मातीचे पुतळे: सुटलेलं पोट, एका हातात दारूची सुरई, दुसऱ्यात उधारीची वही. भाच्याने एकदा पुतळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी पाय उचलला.

कुंभार म्हातारे, अबोल. त्यांच्यासमोर मी गुडघे मोडून थेट टाचांवर बसलो. लौकिकाला तेच शोभलं असतं. त्यांनी नवाकोरा घडा माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा करायला आत गेले. सहा महिन्यांचं धष्टपुष्ट बाळ मांडीवर झोपावं, तसा तो बसला. हलायची बात नाही.

मग बघण्यावाचून इलाज नव्हता. या घड्याला झिलई कुणी लावलेलीच नसते. बोगद्यासारख्या आनागामा भट्टीत रात्रंदिवस लाकूड जळतं, राख उडून घड्याच्या खांद्यावर बसते आणि १२०० अंशांच्या पुढे वितळून तिची काच होते. तिचा एक हिरवा ओघळ पोटापर्यंत येऊन, टोकाला थेंब धरून, तसाच थबकला होता. मातीतले फेल्डस्पारचे खडे पांढरे दाणे होऊन वर आलेले. जाळाकडची बाजू राखेने खरबरीत, पाठ भाजून तांबूस. पूर्वी शेतकरी असल्या घड्यांत बियाणं ठेवायचे. १६व्या शतकात चहाच्या रसिकांनी शिगाराकीची भांडी आपल्या बैठकीत नेली आणि त्यांचा भाव वधारला. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं असेल, ते आपल्याला सांगायला नको.

एव्हाना माझ्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग पायच गेले. घडा खाली ठेवावा तर वाकता येईना. चहा घेऊन कुंभार आले तेव्हा मी डोळे मिटून, दात आवळून, घड्याला मिठी मारून बसलो होतो. ते भाच्याला हळूच काहीतरी म्हणाले.

"मामा, ते म्हणतायत, इतका वेळ घड्याशी कुणी बसत नाही."

"त्यांना म्हणावं, आधी हा उचला. मग मला."

भाचा लवून, फार अदबीने, बराच वेळ बोलला. कुंभार कमरेत वाकले, आत गेले आणि याच्या दुप्पट घडा घेऊन आले.