पाणी सोडण्याची परवानगी

अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवावं, अशी परिस्थिती आमच्या गावात तरी नाही. माझ्या नावावर दोन कवितासंग्रह आहेत. दोन्ही स्वखर्चाने, पण त्याचा बोभाटा नको. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा कविकट्ट्यावर मी कविता वाचली आहे आणि तो बिल्ला आजही आमच्या काचेच्या कपाटात दर्शनी भागात असतो. त्यामुळे आईच्या खोलीला लागून नवं न्हाणीघर काढायचं, त्याचं सांडपाणी रस्त्याखालच्या भुयारी गटाराला जोडायचं आणि त्यासाठी कचेरीची परवानगी काढायची असं घरात ठरलं, तेव्हा "अर्ज मी लिहितो" हे मी अशा काही आवाजात म्हणालो की मिस्त्रीनेसुद्धा थापी खाली ठेवली.

अर्ज तीन पानांचा झाला. पहिल्या पानावर आईचे गुडघे, अंगणापलीकडची जुनी मोरी आणि पावसाळ्यात तिथे धरणारं शेवाळ. दुसऱ्या पानावर मी भूगोलात शिरलो. आमचं गाव बालाघाटच्या माथ्यावर. एका अंगाला सांडलेलं पाणी सीना, भीमा करत कृष्णेला मिळतं, दुसऱ्या अंगाला सांडलेलं तेरणा, मांजरा करत गोदावरीला. म्हणजे आईने तांब्या कुठल्या बाजूला उपडा केला यावर दोन महानद्यांचा वाटा ठरतो, हे मी जरा खुलवून लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर मागणी. शेवटचं वाक्य इतकं उतरलं होतं की ते मी बायकोला परत परत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाइप किती इंची टाकणार, ते यात कुठंय?"

रसिकता काही हुंड्यात मागता येत नाही.

कचेरीतल्या बाबूने तिन्ही पानं हातात घेतली आणि सरळ उलटी केली. मागची बाजू कोरी दिसल्यावर त्याचा चेहरा खुलला. "कागद चांगलाय काका. पाठकोरा आमाला कामाला येतंय. फॉर्म तेवढा बाहेर झेरॉक्सवाल्याकडं भेटंल, त्यो भरून आणा."

'काका' मी गिळला. छापील फॉर्मात 'जोडणीचे कारण' याच्यापुढे दीड इंच जागा होती. दीड इंचात आई काही मावेना. मी 'घरगुती' असं लिहिलं. पुढचा प्रश्न होता, 'सांडपाणी कोठे सोडणार?' तिथे 'बंगालचा उपसागर' लिहायचा फार मोह झाला होता. मिस्त्रीने कोपराने ढोसलं म्हणून 'सार्वजनिक गटार' लिहिलं.

मग कागदपत्रं. घरपट्टीची पावती, पाणीपट्टीची पावती, दोन्हींची बाकी नसल्याचा दाखला, मालमत्तेचा उतारा, बांधकाम परवानगीची प्रत, परवानाधारक प्लंबरचं पत्र, रस्ता खोदाईची रक्कम भरल्याचं चलन. पाणीपट्टी मी वर्षभराची भरतो. पाणी वर्षात जितके दिवस येतं तितक्याचीच भरायची म्हटलं, तर पावतीच्या कागदाचा खर्चसुद्धा निघायचा नाही. उताऱ्यावर जिल्हा उस्मानाबाद आणि लाइटबिलावर जिल्हा धाराशिव. "यात दोन जिल्हे दिसायलेत," बाबू म्हणाला. नाव २०२३ मध्ये बदललंय, घर जागच्या जागी आहे, असं मी म्हणालो. "आमाला माहितीय हो. फायलीला माहिती पाहिजे ना?" मग दोन्ही ठिकाणचा मी एकच, असं मी लिहून दिलं. सही करताना पेन क्षणभर अडखळलं.

शिवाय पाचशेच्या स्टँपवर हमीपत्र. इथे मी अभ्यास करून गेलो होतो. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून स्टँप माफ आहे, असं मी आख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. बाबूने मान डोलावली. तोही अभ्यास करून बसलेला असतो, हे आपण विसरतो. "त्ये प्रतिज्ञापत्राला, काका. हे हमीपत्रय." पूर्वी हे शंभरात भागायचं. २०२४च्या ऑक्टोबरात शंभराचे पाचशे झाले. नेमकं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या संग्रहाचं प्रकाशन उरकत होतो आणि न्हाणीघराचं पुढे ढकलत होतो, हे बायकोने तिथल्या तिथे नोंदवून ठेवलं.

भिंतीवर लोकसेवा हक्काचा फलक होता. २०१५चा कायदा: कुठली सेवा किती दिवसांत, कोण देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे. मी वाचायला उठलो, तर फलकाच्या खालच्या अर्ध्यावर कपाट टेकवलेलं. दिवस वाचता येत होते, अपील कपाटामागे. साहेब साइटवर गेलेले. बाकावर बसल्या बसल्या मला करकंड राजा आठवला.

आता हा राजा मध्येच कुठून आला, असं कुणी म्हणू नये. आमच्या जिल्ह्यात विनापरवाना पाणी सोडल्याचं पहिलं प्रकरण हजारेक वर्षांपूर्वी रीतसर नोंदवलेलं आहे आणि ते नोंदवणारा कवी होता, त्यामुळे माझा त्याच्यावर अंमळ जास्तच जीव आहे. मुनी कनकामर त्याचं नाव. अकराव्या शतकात त्याने अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' रचलं. १९३४ मध्ये हिरालाल जैन यांनी ते संपादून कारंज्याच्या ग्रंथमालेत छापलं. म्हणजे स्वखर्चाने नव्हे, हेही नमूद करतो. या काव्यातला करकंड दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला असतो आणि वाटेत तेरापूरला मुक्काम करतो. तेरापूर म्हणजे आपलं तेर, आणि तो पाहायला जातो ती डोंगरातली लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळची, असं अभ्यासक मानतात. लेण्यात पार्श्वनाथाची मूर्ती आहे. सगळं कसं देखणं. पण मूर्तीच्या सिंहासनावर दगडाची एक गाठ राजाच्या नजरेला खुपते. तो म्हातारा कारागीर बोलावून घेतो. कारागीर सांगतो की महाराज, लेणं कोरताना इथे पाण्याची शीर लागली होती, ती बंद करायला ही गाठ मुद्दाम ठेवलेली आहे.

बघा, काम जाणणाऱ्या माणसाने कारण सांगितलं. कुणीही शहाणा इथे थांबेल. राजा म्हणाला, फोडा. छिन्नी बसली, धार उसळली आणि बघता बघता आख्खं लेणं भरलं. मग राजाला पश्चात्ताप. मग समजूत घालायला कुणी दिव्य पुरुष प्रकट. (आमच्याकडे प्लंबर प्रकट होतो, तोही दुसऱ्या दिवशी.) एवढं झाल्यावर राजा काय करतो? तिथेच आणखी लेणी कोरून घेतो. म्हणजे वाढीव बांधकाम!

मला या गोष्टीत राजा कधी दिसलाच नाही. नवं घर बांधणारा, फरशीशी मॅचिंग नाही म्हणून व्हॉल्व्ह भिंतीत लिंपून टाका म्हणणारा आमच्या कॉलनीतला प्रत्येक मालक दिसतो. आणि कारागीर तर थेट आमचा मिस्त्रीच. 'मालक, इथं हात लावू नका' एवढं सांगून तो बिचारा बाजूला होतो, कारण मजुरी मालकाकडून यायची असते. कनकामराने त्या कारागिराचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. राजाला पश्चात्ताप झाला हे लिहिलं. लेण्यात पाणी भरताना तो म्हातारा कुठे उभा होता, हे एका कवीला सुचायला हवं होतं, असं मला फार वाटतं. माझा तिसरा संग्रह त्याच्यावरच आहे. तर हे सगळं मी बाबूला ऐकवलं, कारण साहेब अजून साइटवरच होते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, "पण त्यानं खोदाईचं चलन भरलं हुतं का?"

साहेब आले, फाइल हलली आणि जागेच्या पाहणीला कनिष्ठ अभियंता आला. पोरगा हसतमुख. त्याच्याजवळच्या नकाशात आमच्या दारासमोर चेंबर होतं. रस्त्यावर नव्हतं. डांबरावर डांबर चढून ते कुठे खाली गेलं होतं देव जाणे. नकाशा एकदा आडवा धरून झाला, एकदा उभा. शेवटी पोरगा म्हणाला, "मामांना बोलवावं लागतंय."

मामा म्हणजे गटारं साफ करणारे. पन्नाशीचे असतील. खांद्यावर पहार. त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या फाटकापासून रस्त्यावर टाचा आपटत गेले, एका जागी थांबले, परत एकदा टाच आपटली आणि म्हणाले, "हितं." डांबर फोडलं तर खाली झाकण. ते सरकवून मामा लांब जाऊन बसले आणि बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत राहिले. मी विचारलं, "आता काय?" तर म्हणाले, "त्याला आधी वारं खाऊ द्या. दम धरा." बऱ्याच वेळाने शर्ट काढून घडी केली, आमच्या कंपाउंडवर ठेवली आणि कमरेइतके आत उतरले. हातमोजा एक होता, डाव्या हाताचा. उजवा हात तसाच घातला.

माणसाला असं उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३चा आहे. मी "नको, नको" म्हणालो. पण "अर्ज मी लिहितो" म्हणताना लागला होता तसा आवाज या वेळी लागला नाही, ते माझं मलाच ऐकू आलं. अभियंता मोबाइलमध्ये बघत होता. त्याचं वय पाहता त्याला तरी काय बोलायचं. माझ्या खिशात हमीपत्राची झेरॉक्स होती. रस्त्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, जलवाहिनी फुटली तर कोण, टेलिफोनची केबल तुटली तर कोण, सगळं त्यात कलमवार होतं. आत कमरेइतका उभा असलेला माणूस कुठल्याही कलमात नव्हता. फाइलीत एवढ्या सह्या, आणि आख्ख्या गावाचं गटार ज्याच्या टाचेला पाठ आहे, त्याच्या सहीला जागाच नाही! मला राग आला. तो कुणावर काढायचा याचा फॉर्म झेरॉक्सवाल्याकडेही नव्हता.

मामा वर आले तेव्हा आई ओट्यावर येऊन बसली होती. तिने बादलीभर पाणी आणि साबणाची वडी पुढे केली. आमच्या घरात आईने हात धुवायला आख्खी बादली दिल्याचं मी प्रथमच पाहत होतो. मग चहा दिला, तो माझ्या कपात. वाचनालयाने सत्कारात दिलेला, 'कविवर्य' असं छापलेला कप. त्यात दुसऱ्या कुणी चहा पिण्याची आमच्याकडे पद्धत नाही, असं मी डोळ्यांनी सुचवून पाहिलं. "डोळ्यात काय गेलं का रं?" आई म्हणाली. पुढे काम चालेतो मामा रोज त्यातच चहा प्यायचे आणि मला स्टीलचा पेला.

खरं म्हणजे या सगळ्या खटाटोपावर आईचा मुळातून आक्षेप होता. गुडघ्यांसाठी न्हाणीघर तिला हवं होतं. गटार नको होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती मला घेऊन खडी फोडायला जायची. कामावर वाटलेली सुकडी मला अजून आठवते, पाणी मात्र आठवत नाही, कारण ते ती रात्री आणायची. विहिरीच्या तळाशी पाझरेल तसं वाटीने घागरीत भरायचं. तेव्हापासून आमच्या घरात पाण्याला एकच काम कधी नसतं. तांदूळ धुतलेलं भांडी विसळायला, भांड्यांचं कढीपत्त्याला, अंघोळीचं केळीला. परवानगीची गोष्ट मी तिला समजावून सांगितली, तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "टाकून द्यायला परवानगी?" ती म्हणाली. "आनायला कुनी दिली हुती का रं?"

यावर माझ्याकडे तीन पानी उत्तर नव्हतं. अंघोळीचा पाइप केळीकडे आणि संडासाचा तेवढा गटाराला, असा तह झाला. मिस्त्रीने नाहाणी ट्रॅपपासून वेगळा ढाळ काढून दिला. फॉर्मात ही सोय कुठल्या रकान्यात बसते ते मी विचारायला गेलो नाही.

आता राहिला होता काम पूर्ण झाल्याचा दाखला. त्यासाठी अभियंत्यासमोर घरातून पाणी सोडायचं आणि ते चेंबरात पोचताना त्याने बघायचं. तो आला त्या दिवशी नळ नव्हता. पुढची पाळी कधी, तर मोटार जळाली आहे. मामा चेंबरापाशी जाऊन उभे राहिले. अभियंता आईला म्हणाला, "आजी, दोन बादल्या सोडा बरं."

आईने टाकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अर्ज आनलाय का?" ती म्हणाली.

पोरगा हसला. आई हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि सकाळचं तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात घेऊन आली. ते तिने दारातच अभियंत्याला दाखवलं, हे चालतंय का म्हणून. त्याने मान हलवली. बाहेरून मामा ओरडले, "आलं, आलं! आंबेमोहर हाय का वो आजी?"

"कंट्रोलचा हाय," आई आतून म्हणाली.

अभियंत्याने रकान्यात 'प्रवाह समाधानकारक' असं लिहिलं. 'समाधानकारक'मधला काना राहिला होता. तो मी घालून दिला.