हयातीचा दाखला

लॅपटॉपवर नव्याने विंडोज टाकताना एक क्षण असा येतो, की पडदा अत्यंत नम्रपणे सांगतो, या मशीनमध्ये एकही ड्राइव्ह सापडली नाही. त्यातली नम्रताच जास्त लागते. कारण ती ड्राइव्ह आपण आत्ताच स्वतःच्या हाताने आत बसवलेली असते. बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी मिलिमीटर लांब अशी ती हिरवी-काळी पट्टी खाचेत तिरपी सरकवायची. सोडली की तिचं मागचं टोक वर उचललं जातं, ते बोटाने दाबून धरायचं आणि एक इवलासा स्क्रू लावायचा. हा स्क्रू सतरंजीवर पडला की पुढची संध्याकाळ त्याची. एवढं सगळं निभावून झाकण लावावं आणि मशीनने म्हणावं, सापडली नाही! मग संशय म्हणून बायोसमध्ये डोकावावं, तर तिथे तिचं नाव, कंपनी, क्षमता, सगळं ठळक लिहिलेलं. म्हणजे एकाच घरात एकाला ती दिसते आहे आणि दुसऱ्याच्या लेखी ती नाहीच.

अशा वेळी मला आमचे अण्णा आठवतात. पेन्शन चालू राहावी म्हणून नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागे. अण्णा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालत, खिशाला पेन लावत आणि परीक्षेला निघाल्यासारखे वेळेआधी पोहोचत. खिडकीपलीकडचा माणूस त्यांच्याकडे बघून, त्यांच्याशीच बोलत, ते जिवंत असल्याचा कागद मागे. अण्णांना यात काही वावगं वाटत नसे. ‘अरे, त्याला मी दिसतोय रे, पण त्याच्या रजिस्टरला कुठे दिसतोय?’ असं म्हणून ते सही करत. तशी ठसठशीत सही त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकावरही कधी केली नव्हती. पुढे २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं आणि अंगठा टेकवून घरबसल्या जिवंत राहण्याची सोय झाली. अण्णांना मात्र शर्टाला इस्त्री करायचं निमित्त गेल्याचीच हळहळ वाटली.

संगणकातही घोळ रजिस्टरचाच असतो. बायोस डिस्कशी आपल्या जुन्या वहिवाटीने बोलते. विंडोजचा सेटअप सुरू झाला, की तो ती वहिवाट बाजूला ठेवून स्वतःचे ड्रायव्हर घेऊन बसतो. या डिस्कशी कसं बोलायचं ते त्याच्या पोतडीत नसेल, तर डिस्क समोर बसलेली असूनही त्याच्यासाठी नसते. एक्सपीच्या जमान्यात हे दुःख घरोघरी होतं. एक्सपी २००१ची आणि साटा डिस्कची एएचसीआय ही बोलण्याची रीत २००४ची. आईच्या लग्नाच्या फोटोत लेकीला शोधावं, तसाच तो प्रकार. निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ चमकून जाई: वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. दाबावं, तर काहीच होत नसे. मशीन हूं की चूं न करता आपल्या फायली चढवत राही आणि आपण, दाबलं ते पोहोचलं का, या विचारात ताटकळत असू. बऱ्याच वेळाने ते शांतपणे म्हणे, बरं, द्या तो ड्रायव्हर, फ्लॉपीवर.

फ्लॉपीवरच! १६० जीबीची डिस्क दिसण्यासाठी १.४४ एमबीच्या फ्लॉपीने येऊन तिची ओळख पटवायची; म्हणजे लाखपटीने थोर व्यक्तीला जामीन राहायला गल्लीतलं सगळ्यांत लहान पोर. नव्या मशीनला फ्लॉपीची खाच नसे, जुन्याला असे तर तिच्यात धूळ असे. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानातल्या मुलाने माझी सगळी कहाणी ऐकून घेतली होती. ‘काका, डिस्क मेलेली नाहीये,’ तो म्हणाला, ‘बायोसमध्ये साटा मोड आयडीई करा, दिसेल.’ आणि खरंच दिसली. नव्या डिस्कने जुन्या डिस्कचं सोंग घेतलं आणि तिचं स्वागत झालं. (त्याआधीच्या आयडीईच्या काळात एका केबलवर दोन डिस्क लावून दोघींचेही जंपर ‘मास्टर’वर ठेवले, तर बहुतेक वेळा एकही धड दिसत नसे. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही हेच चालतं.)

सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११मध्ये बंद केली. तरी गंमत बघा. २०२०नंतरच्या कितीतरी इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची एक सोय कारखान्यातूनच चालू असते, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर पुष्कळदा नसतो. म्हणून ‘सापडली नाही’ हा जुना निरोप परत येतो. त्यावर उतारा म्हणून इंटेलचा जो ड्रायव्हर मिळतो, त्याच्या फायलीच्या नावाची सुरुवात होते ‘एफ-सिक्स-एफएलपीवाय’ने. एफ-सिक्स ती दाबायची कळ, एफएलपीवाय म्हणजे फ्लॉपी. खाच गेली, चकती गेली, कळ दाबायची गरजही गेली. नाव तेवढं मागे राहिलं, घराण्यातल्या पणजोबांसारखं. कोणा अभियंत्याला ते बदलावंसं वाटलं नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आपुलकी वाटते.

तेव्हा तुमच्या पडद्यावर हा निरोप उमटला, तर डिस्कला मृत घोषित करून नवी आणायला धावू नका. आधी बायोसमध्ये तिचं नाव आहे का ते बघा. नसेल तर झाकण उघडून ती नीट बसली आहे का ते तपासा. नाव असेल, तर दुसऱ्या मशीनवर ड्रायव्हर उतरवून घ्या, त्याची झिप उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’वर टिचकी मारा. झिप तशीच ठेवलीत तर सेटअपला तीही दिसणार नाही. व्हीएमडी बंद करूनही काम भागतं, पण आधीची विंडोज त्या डिस्कवर असेल तर ती मग सुरू होताना अडते. आणि डिस्क दिसल्याच्या आनंदात लगेच फॉरमॅट मारू नका. तिच्यावर अण्णांचे फोटो असतील, तर ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या.