पुढच्या व्हर्जनला

बापू आपल्या लॅपटॉपच्या कंपनीचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं घ्यायच्या नाहीत, तसं. ‘आपली कंपनी’ एवढंच म्हणतात आणि कोणी फारच खोदून विचारलं तर झाकणावरच्या स्टिकरकडे हनुवटी करतात. काकूंनी एकदा हळदीकुंकवाला भर बायकांत सांगून टाकलं, "ह्यांना उखाणा घ्यायला लावू नका बाई. माझं नाव यायचं नाही, तिचंच येईल." बापूंचा मान राखून मीही ते नाव इथे लिहीत नाही.

पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला साताऱ्याचं पुसेगाव आठवतं. सेवागिरी महाराजांचं, यात्रेचं. आमचं ते नव्हे. आमचं सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. हा फरक गावात सगळ्यांत जास्त बापूंना छळतो, कारण गावात कुरिअरने सगळ्यांत जास्त सामान तेच मागवतात. लॅपटॉपची नवी बॅटरी मागवली तेव्हा ती थेट खटाव तालुक्यात जाऊन पोचली. "कुठं आहे पार्सल?" विचारलं तर बापू शांतपणे म्हणाले, "यात्रेला गेलंय. येईल दर्शन घेऊन."

बापूंचं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, आठ अ, पॅनकार्ड, झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि वेळ पडली तर भांडणात मध्यस्थी. मी सकाळी तिथे फुकटचा पेपर वाचायला बसतो, म्हणून हा लॅपटॉप मला घरच्या माणसासारखा माहीत आहे. 2017 साली घेतलेला. बिजागरी तुटलेली, त्यामुळे पडद्यामागे तुरीच्या डाळीचा स्टीलचा डबा टेकू म्हणून उभा. डबा रिकामा चालत नाही, पडदा मागे जातो. त्यामुळे काकूंना त्यातली दोन किलो डाळ कायमची सोडून द्यावी लागली आहे. बॅटरी मेलेली. पंखा असून नसल्यासारखा. आणि ‘पी’ची कळ एकदा दाबली तर दोनदा उठते. एका गणपतचा फॉर्म छापून आला तो ‘गणप्पत’ होऊन. तो कागद उलटा-पालटा करून म्हणाला, "बापू, मला कर्नाटकात घातलं का काय?"

बैलबाजारात दलाल खोड झाकतो. बापू झाकत नाहीत, उलट स्वतःहून दाखवतात, फक्त खोड म्हणत नाहीत. ‘इश्यू’ म्हणतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. इश्यू मात्र पुढच्या व्हर्जनला जातो, यावर त्यांचा भरवसा आहे. बिजागरीचासुद्धा? असं मी एकदा विचारलं. बापू डब्याकडे बघत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सॉफ्टवेअरनं काय होईल ते आज सांगता येत नाही."

बायोस म्हणजे काय हे त्यांनी मला एकदा समजावलं, ते कुठल्या पुस्तकात इतकं सोपं नसेल. "घरातली म्हातारी कशी, सगळे झोपेत असताना चारला उठती, चूल पेटवती, कोण आहे कोण नाही बघती आणि मग पोरांना उठवती? तसा बायोस. विंडोज म्हणजे पोरगं. ते उठायच्या आधी हा उठलेला असतो. पंखा कधी फिरवायचा, बॅटरी किती भरायची, सगळं म्हातारीच्या हातात." आणि म्हातारी बसते कुठे? आठ पायांच्या एका चिपमध्ये. बापूंनी तिचा फोटो दाखवला. मुंगळ्याला आठ पाय फुटावेत तशी, आणि पहिला पाय कुठला हे कळावं म्हणून एका कोपऱ्यात बारीक टिंब.

समोरच्या कृषी सेवा केंद्रवाल्याकडे दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप आहे. तो चालतो. हेच बापूंना खटकतं. "न बिघडणाऱ्या मशिनीची माणसाला ओळख होत नाही," असं त्यांचं म्हणणं. तो केंद्रवाला पंख्यावरून बोलला की बापूंच्या पोतडीतून जगाचा इतिहास निघतो. 1994 साली इंटेलच्या पेंटियमला काही भागाकार चुकायचे. शेवटी चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि 47.5 कोटी डॉलरचा खड्डा पडला. ॲपलने 2015 साली पातळ कळांचा कीबोर्ड काढला, त्यात धुळीचा कण गेला की एकच अक्षर दोनदा उमटायचं. 2018 साली त्यांना फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. "म्हणजे आपल्या ‘पी’ला होतंय तेच! लाखाच्या मशिनीला!" हे सांगताना बापूंचा चेहरा पोरगा मेरिटात आल्यासारखा होतो.

पण त्यांचं सगळ्यांत लाडकं साल 2008. त्या साली एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या काही चिपांचे सांधे गरम-गार, गरम-गार होऊन तडकायला लागले. कंपनीने 15 ते 20 कोटी डॉलर त्यासाठी बाजूला काढले. "आणि डेलनं, एचपीनं काय केलं? बायोस काढला! काय केलं बायोसनं? पंखा जास्त वेळ फिरवला. बस. तडकणारा सांधा कुणी दुरुस्त केला नाही, नुसता वारा घातला." हा इलाज होता की नुसतं पंख्याखाली झोपवणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बापूंना मात्र तो इलाजच वाटतो, आणि आपल्या कंपनीने तसलंच एक अपडेट काढलंय हे त्यांनी दोन वर्षं उराशी धरलं होतं. घातलं का नाही? कारण बॅटरीत चार्ज नसेल तर ते अपडेट सुरूच होत नाही. मध्येच लाइट गेली तर म्हातारी अर्धी शहाणी, अर्धी वेडी होऊन बसेल, म्हणून तशी सोय. बॅटरी मेलेली, नवी बॅटरी साताऱ्याला. मोक्षासाठी उपास करायचा आणि उपासाला साबुदाणा नाही, अशी गत.

ब्रँडची निष्ठा एरवी कळण्यासारखी असते. थिंकपॅड आयबीएमने 1992 साली काढला, 2005 साली तो लेनोवोकडे गेला, तरी जुने लोक त्याला आयबीएमच म्हणत राहिले. यात हसण्यासारखं काही नाही. हिंगोली जिल्हा परभणीतून 1 मे 1999 ला वेगळा झाला, पण माझी आजी शेवटपर्यंत "आपला परभणी जिल्हा" म्हणायची. पण बापूंची निष्ठा मागच्या पुण्याईवर उभी नाही. पहिल्या महिन्यातच ‘पी’ दोनदा उठायला लागली होती. त्यांची निष्ठा पूर्णपणे पुढच्या व्हर्जनवर उभी आहे.

2023 चा जुलै आला. एक रुपयात पीक विमा, त्याचं ते पहिलंच वर्ष. शेवटची तारीख 31. दुकानासमोर सातबारा, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचा कागद पिशवीत घालून माणसं पहाटेपासून बसलेली. लॅपटॉप तिसऱ्या फॉर्मला तापून पटकन मान टाकायचा. मग बापू त्याला उलटा करून पुठ्ठ्याने वारा घालायचे. शेवटी त्यांनी नर्सीच्या एका गुरुजींकडून तेच मॉडेल असलेल्या लॅपटॉपची बॅटरी उसनी आणली आणि भर दुपारी, चाळीस माणसं बसलेली असताना, जाहीर केलं, "आज अपडेट."

"बापू, आधी आमचं करा ना!"

"तुमच्याचसाठी चाललंय."

पडद्यावर पट्टी सरकायला लागली. चार्जर काढू नका, मशीन बंद करू नका, असं इंग्रजीत लिहून आलं. बापूंनी ते मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं, जणू समोरचे चाळीस जण चार्जर ओढायलाच बसले होते. 62 टक्क्यांवर लाइट गेली. झेरॉक्स मशीन हुंकार देऊन थांबलं. दुकानात अशी शांतता, की पत्र्यावरचा पाऊस मोजता यावा. एक म्हातारे नुसतंच "पांडुरंगा" म्हणाले. त्यांना बायोस कळत नव्हता, पण बापूंचा चेहरा कळत होता. गुरुजींची बॅटरी टिकली. 80. 95. 100. मशीन आपोआप बंद झालं, पुन्हा उठलं आणि पंखा असा सुटला की शेवटच्या बाकावरच्या माणसाला स्वतःचं नाव तीनदा ओरडून सांगावं लागलं.

पाचव्या फॉर्मला लॅपटॉपने मान टाकली.

"बघा!" बापू टाळी वाजवून म्हणाले. "तीनाचे पाच झाले!"

संध्याकाळी बातमी आली, मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली. कृषी सेवा केंद्रवाला मुकाट्याने आपला लॅपटॉप आणून बापूंच्या टेबलावर ठेवून गेला. बापूंनी त्यावर दोन दिवस फॉर्म भरले, पण झाकणावर टॉवेल टाकून. आपलं मशीन त्यांनी हिंगोलीला एका पोराकडे नेलं. पोराने खालचे स्क्रू काढले, पंखा उचलला, आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला ज्या बारीक जाळीतून गरम हवा बाहेर जाते, तिच्यावरून चिमट्याने एक घडी सोलून काढली. गोधडीच्या तुकड्यासारखी, बोटभर लांब, पिवळीधमक. बापूंच्या दुकानाला लागून हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. दर उन्हाळ्यात तो फिरतो, आणि सहा उन्हाळे पंखा ती हळद ओढून जाळीवर थापत होता. पोराने ब्रश मारला, नवी पेस्ट लावली, दोनशे रुपये घेतले. लॅपटॉप आता तापत नाही. पंखाही एकदम हळू.

बापूंनी ती घडी कागदाच्या पुडीत बांधून गावाला आणली. माझ्या नाकाशी धरली. खरंच हळदीचा वास येत होता.

"आता तरी पटलं का?" मी म्हणालो.

"पटलं ना," बापू पुडी गल्ल्यात ठेवत म्हणाले. "फोटो काढून कंपनीला पाठवलाय. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत इकडं हळद असते ते. पुढच्या व्हर्जनला घेतील."