सोयरे बरे

आमच्या नातलगांत लग्न ठरलं की केटररच्याही आधी मला फोन येतो, कारण मंगलाष्टकं मी फुकट करून देतो. भाचीच्या वेळीही तसाच आला. "मामा, फक्त एक कडवं," ती म्हणाली.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे यमकं झाडाला लगडलेली असतात, असा माझा समज होता. पण 'आला'ला 'गेला' चालत नाही हो! 'ला'च्या आधीचा स्वरही जुळावा लागतो, म्हणजे 'झाला' हवा, नाहीतर 'प्याला', आणि प्याला काही मंगलाष्टकात घालता येत नाही. मग 'संसार' धरला. 'आधार' पटकन सापडला आणि त्याच्यामागून बाजार, उधार, भार, तक्रार, माघार अशी रांगच लागली. ही पलीकडे मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आजार राहिला."

वामन पंडितांना लोक 'यमक्या वामन' म्हणत. मोरोपंतांनी तर बारामतीत बसून 108 रामायणं रचली, त्यातलं एक प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं वर्ज्य करून. मला सगळी बाराखडी मोकळी होती, तरी कडवं होईना.

त्यात वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीला 19 अक्षरं, लघू-गुरू ठरलेले, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे गाणाऱ्याने थांबायची जागा. चौथ्या ओळीचा शेवट 'मंगलम्'ने आधीच अडवलेला. पहिली ओळ कशीबशी 'झाले बरे'वर आणून टेकवली आणि 'बरे'ला यमक म्हणून 'सोयरे' सुचल्यावर मला इतका आनंद झाला की मी हिच्याकडे जास्तीचा चहा मागितला. दोन्ही व्याह्यांत मानपानावरून एकदाही चकमक झाली नव्हती, तेच कौतुकानं लिहिलं: 'दोन्ही या घरचे वडील लढले नाहीत हे सोयरे'. बोटांवर मोजून पाहिलं. 19 अक्षरं, एक कमी नाही की जास्त नाही.

कार्यालयात भाचीच्या आत्याबाईंनी माइक घेतला. त्या गाण्याच्या क्लासला जातात, त्यामुळे यती म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक. पहिली ओळ छान झाली. दुसरीला मात्र 'दोन्ही या घरचे वडील लढलेऽऽऽ' असा बाराव्या अक्षरावर जो सूर लावला, तो मागच्या रांगेतल्या पोरांनी रडं थांबवेपर्यंत सोडला नाही, मग पदर सावरला, भरपूर श्वास घेतला आणि उरलेलं एका दमात, ठासून म्हणून टाकलं.

नाहीत हे सोयरे!

अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या. वरपिता माझ्या मेहुण्यांकडे पाहू लागले, मेहुणे माझ्याकडे, आणि मी फोटोग्राफरकडे. गुरुजींनी 'सावधान' इतकं खणखणीत म्हटलं की ते वधूवरांसाठी नसावं. जेवताना वरपिता माझ्या शेजारीच येऊन बसले. "कडवं तुमचंच का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वृत्त शुद्ध आहे." त्यांनी जिलबी उचलली आणि पुढची सगळी पंगत संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. लढले नाहीत, हे मात्र खरं.

परवा बातमी आली, भाचीकडे बारसं आहे. पाळणा लिहून देतो म्हणालो, तर तिनं बाजारातून छापील पुस्तक आणलंय. तेव्हा सध्या मी मोकळाच आहे. तुमच्याकडे कार्य असेल तर जरूर कळवा. फक्त ओळ कुठे थांबते ते आधी गाणाऱ्यांकडून म्हणवून घ्या.