नेमार काही आला नाही

"ही जर्सी फेका आता भाभी. कधीकाळी निळी होती म्हणून सांगावं लागतं."

"फेकून पाहा तुम्ही! पोट्टा पुण्याहून फोन करते तर पहिले जर्सीचं विचारते, दादीचं मागून. नेमारसाठी घेतली होती न त्यानं."

"नेमार कधी खेळला मुंबईकडून?"

"मुंबईकडून नाही खेळला, मुंबईच्या विरुद्धही नाही खेळला. तेच तर सांगून राहिली मी!"

नागपुरातल्या जरीपटक्यात आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. तिच्यावर भाभींचे पापड वाळतात, माझ्या मिरच्या वाळतात आणि अख्ख्या गल्लीच्या खबरा निवडल्या जातात. भाभी सिंधी, पण मराठी कामठी रोडची पक्की. माझं सिंधी दाल-पकवानाच्या पुढे गेलेलं नाही. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा फ्लॅट कितीला गेला, कोणती सून सासूशी बोलत नाही, हे आमचे कायमचे विषय. फुटबॉल त्यात शिरला तो भाभींचा नातू पुण्याला शिकायला गेला तेव्हापासून. मुंबई सिटी एफसी हा क्लब म्हणजे भाभींना आता नणंदेचं सासर आहे. जाणं-येणं नाही, पण तिथल्या भांड्याला भांडं लागलं तरी यांना कळतं.

तर नेमारचं प्रकरण. ऑगस्ट 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या चिठ्ठ्या निघाल्या. मुंबईच्या गटात इराणचा नस्साजी, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि सौदीचा अल-हिलाल. अल-हिलालनं त्याच महिन्यात नेमारला विकत घेतलं होतं. झालं! नेमार भारतात येणार म्हणून देशभर बोभाटा. ज्यांनी आयुष्यात भारतीय क्लबची मॅच पाहिली नव्हती ते तिकिटांची चौकशी करू लागले. नातवानं जर्सी घेतली ती याच भरात. अन् 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळता खेळता नेमारचा डावा गुडघा गेला. मुंबईची रियाधमधली मॅच सहा दिवसांवर होती.

"जवाई येणार येणार म्हणून घर रंगवलं," भाभी म्हणाल्या, "अन् जवायाचा पाय मोडला."

"बरं झालं म्हणा. तो नव्हता तरी सहा गोल झाले तिथं."

"हाओ न! मित्रोविच म्हणून आहे कोणी, त्यानं एकट्यानंच तीन घातले."

परतीची मॅच 6 नोव्हेंबरला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. मुंबईचं अंधेरीतलं घरचं मैदान सात-आठ हजारांचं, आशियाई संघटनेच्या नियमात ते बसत नव्हतं. म्हणून घरचे सामने पुण्यात बालेवाडीला ठेवलेले, आणि अल-हिलालच्या गर्दीपायी तो एक नवी मुंबईला. निकाल 0-2. नातू पुण्याहून बस पकडून गेला होता. नेमारचा फोटो असलेलं पोस्टर घेऊन गेला आणि ते पोस्टर डोक्यावर उन्हासाठी... नाही, मॅच रात्रीची होती, बसायला खाली अंथरलं म्हणे.

आता माझं मत विचाराल तर अल-हिलालकडून हरण्यात कसली लाज? कूलिबाली, रुबेन नेवेस, मिलिंकोविच-साविच, गोलवर बोनो. त्या मोसमात त्यांनी सलग 34 सामने जिंकले, जगात कोणत्याही बड्या क्लबनं तोवर केलं नव्हतं. मुंबईचे दोन्ही पराभव त्या चौतिसातलेच. भाभींना हे सांगितलं तर त्यांनी पापड उलटला आणि म्हणाल्या, "मग नवबहोरनं कशी काय बरोबरी केली त्यांच्याशी? तेही त्यांच्याच घरी जाऊन?"

खरं होतं. गटाच्या पहिल्याच दिवशी नवबहोरनं अल-हिलालला रियाधमध्ये 1-1 रोखलं होतं. नातू भाभींना आकडे पुरवतो, आणि भाभी ते असे वेळेवर काढतात.

त्याच दिवशी, 18 सप्टेंबरला, मुंबई बालेवाडीत नस्साजीकडून 0-2 हरली होती. हा नस्साजी माझेंदरानमधल्या काएमशहरचा, तिथल्या कापडगिरण्यांच्या पोटातून निघालेला क्लब. म्हणजे आपल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांनी टीम काढावी आणि तिनं इराणचा राष्ट्रीय कप जिंकून आशियात उतरावं, तसं. एम्प्रेस मिल कशी बंद पडली ते नागपूरकरांना सांगायला नको. नस्साजीकडून हरलो याचं मला वाईट नाही वाटलं, हेवा वाटला.

मग नमनगानला जाऊन नवबहोरकडून 0-3. मग रियाध, मग नवी मुंबई. 28 नोव्हेंबरला तेहरानला 0-2. आणि 4 डिसेंबरला बालेवाडीत नवबहोरकडून 1-2. सहा सामने, सहा पराभव, खाल्लेले गोल 17, केलेला एक.

"एक तरी केला न," भाभी म्हणाल्या. "तो पोट्ट्यानं पाहिला. बालेवाडीलाच झाला. फोनवर एवढा ओरडला की मला वाटलं लग्नच जमवलं त्यानं."

इतक्यात आमचे हे बाहेर आले. रेल्वेत नोकरी झाली, तरुणपणी नागपूरच्या लीगमध्ये खेळलेले. कामठीच्या रब्बानी क्लबविरुद्ध एकदा खेळले तेव्हा रब्बानीच्या बॅकनं यांना कसं आडवं केलं, ते लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकते आहे. डाव्या नडगीवरची खूण पाहुण्यांनाही दाखवतात.

"मुंबईचं काय कौतुक लावलं तुम्ही दोघींनी?" हे म्हणाले. "मुंबईवाल्यांना नागपूर आठवते कधी? हिवाळी अधिवेशनात. अर्धी कामठी फुटबॉल खेळते, शंभर पोरं तिथल्या धुळीत अनवाणी पळतात, त्यातलं एक तरी घेतलं का त्यांनी?"

"तुम्हाला कोणी विचारलं?" मी.

"विजय बारसे सरांनी इथं झोपडपट्टीतली पोरं गोळा करून फुटबॉल सुरू केला, 2001 मध्ये. 'झुंड' सिनेमा आला तेव्हा मुंबईला कळलं की नागपुरात फुटबॉल आहे. अमिताभला यावं लागलं सांगायला."

ह्यांचं चुकत नाही. विदर्भाचा हिशेब काढला की मी गप्प बसते. पण एक गोष्ट मी ह्यांना हमखास ऐकवते. 2023-24 च्या मुंबईच्या टीमचा कॅप्टन राहुल भेके, मुंबईचाच मराठी माणूस. आणि आशियात आपलं काही खरं नाही असं म्हणणाऱ्यांनी 11 एप्रिल 2022 आठवावा. रियाधमध्येच, इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई एका गोलनं मागे होती. आधी दिएगो मॉरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाच मिनिटांत भेकेनं दुसरा मारला. 2-1. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. त्याआधीच्या वर्षी एफसी गोवानं तीन बरोबऱ्या केल्या होत्या, जिंकला एकही नव्हता. मुंबईनं पुढे त्याच इराकी क्लबला परत हरवलं आणि गटात दुसरा नंबर काढला. गंमत म्हणजे त्या साली देशातल्या लीगमध्ये ही टीम पाचवी होती. बाद फेरीतही नव्हती.

"उलटीच गंगा यांची," भाभी म्हणाल्या. "घरी पाचवी येते तर बाहेर जिंकते. बाहेर सहाच्या सहा हरते तर घरी कप घेऊन येते."

आणि 2023-24 चं घरचं वर्षही काही सुखाचं नव्हतं. अल-हिलालची मॅच होऊन दहा दिवस होतात न होतात तर कोच डेस बकिंगहॅम निघून गेला. इंग्लंडच्या ऑक्सफर्डचा माणूस, त्याच गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडनं बोलावलं. तेहरानला टीम गेली ती नवा कोच यायचा असताना. डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की नावाचा चेक कोच आला आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला अंधेरीत कोलकात्याच्या मोहन बागानशी ती मॅच झाली.

"सात लाल कार्डं!" भाभींचे डोळे चमकले. हा त्यांचा आवडता भाग. "चार आपले, तीन त्यांचे. काही तर शिट्टी वाजल्यावर निघाले, मॅच संपल्यावर! भांडणच तेवढं झालं. आमच्या गल्लीतल्या नळाच्या भांडणातही एवढे जण बाहेर नाही काढले कोणी."

मुंबई ती मॅच 2-1 जिंकली, पण माणसं निलंबित. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टही सोडून गेला, टीमचं निम्मं डोकं त्याच्या पायात होतं. हे तेव्हा म्हणाले होते, आता ही टीम पाचवी-सहावी येईल. ती दुसरी आली. पहिली यायलाही एक बरोबरी पुरे होती. 15 एप्रिलला कोलकात्यात मोहन बागाननं 2-1 हरवलं आणि पहिल्या नंबरचं शिल्ड नेलं. मोहन बागानचे 48 गुण, मुंबईचे 47.

पण खरी गोष्ट गोव्याची. 24 एप्रिल 2024, उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्डा. नव्वद मिनिटं होत आली आणि गोवा 2-0 पुढे.

"पोट्ट्याचा फोन आला," भाभी सांगायला लागल्या, मी शंभरदा ऐकलेलं, तरी ऐकते. "म्हणे, दादी, बंद कर टीव्ही, संपलं. मी म्हटलं चला, सिरियल तरी पाहू. लावली सिरियल. तिथं सून जिन्यावरून पडून राहिली होती. पाचच मिनिटं पाहिली असेल ताई. परत फोन. पोट्टा नुसता किंचाळते. मला वाटलं बाप्पा, अ‍ॅक्सिडेंट झाला! तर म्हणे तीन गोल झाले!"

नव्वदाव्या मिनिटाला छांगते. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंग. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला परत छांगते. 2-0 चं 2-3. मी आणि ह्यांनी पाहिलं ते. पहिल्या गोलला हे खुर्चीतच होते, दुसऱ्याला उठले. तिसऱ्याला नेमकं काय केलं ते सांगत नाही, पण समोरच्या टी-पॉयचा पाय अजून चिकटवलेला आहे. ज्या माणसाला मुंबईचं कौतुक नाही, त्याचं हे.

"सून वाचली का पण?" मी विचारलं.

"कोणती सून? हां, ती! वाचली. पण मला मेलं ते तीन गोल लाइव्ह पाहायला नाही मिळाले, त्याचं काय?"

म्हणून 4 मेच्या फायनलला भाभी आमच्याकडेच बसल्या. समोर पुन्हा मोहन बागान, मैदान पुन्हा कोलकात्याचं सॉल्ट लेक, साठ हजारांवर लोक आणि जवळपास सगळे बागानचे. नागपुरात मे महिना, रात्रीही भिंती तापलेल्या. कूलरच्या घरघरीत कॉमेंट्री ऐकू येईना, तर भाभींनी सरळ उठून कूलर बंद केला. नागपुरात मे महिन्यात दुसऱ्याच्या घरचा कूलर बंद करायला किती हक्क लागतो ते इथल्यांनाच ठाऊक. पहिला हाफ संपता संपता कमिंग्जनं बागानला पुढे नेलं. घामाच्या धारा आणि वर 0-1. दुसऱ्या हाफमध्ये आठच मिनिटांत दियाझनं बरोबरी केली. मग 81व्या मिनिटाला बिपिन सिंग.

बिपिन मणिपूरचा पोरगा. 2021 ची फायनल आठवा, तीही बागानशीच, कोविडमुळे रिकाम्या फातोर्ड्यावर. त्यात नव्वदाव्या मिनिटाचा गोल यानंच मारला होता. बागानवाल्यांनी याच्या घरचं काय खाल्लं होतं देव जाणे. शेवटी स्लोव्हाकियाच्या वोयतुशनं तिसरा घातला आणि 3-1. भेकेनं कप उचलला. भाभींनी कूलर सुरू केला.

"एवढं सगळं करून आशियाचं तिकीट मिळालं का?" हे भिंतीपलीकडून भाभींना म्हणाले. "नाही मिळालं. तेव्हा आशियात जायचा तो शिल्डवाला, कपवाला नाही. म्हणजे बागान."

"अन् बागान गेली?"

"इराणला जायचं होतं, तबरीझला, ऑक्टोबर 2024 मध्ये. तिथल्या परिस्थितीमुळे टीम गेलीच नाही. आशियाई संघटनेनं स्पर्धेतून नावच काढलं."

भाभी जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपले गेले होते न तेहरानला? कोच नसताना?"

"गेले होते. हरले."

"हरले तर हरले. गेले तर होते." आणि लगेच, "अन् तो कोच? पळून गेला तो?"

हा प्रश्न भाभींनी कधी विचारला नव्हता, म्हणून हे खुलले. मुंबईनं कप उचलला 4 मेला. बरोबर दोन आठवड्यांनी, 18 मेला, वेम्बलीवर ऑक्सफर्ड युनायटेडनं बोल्टनला 2-0 हरवलं आणि वरच्या डिव्हिजनमध्ये गेले, कोच तोच बकिंगहॅम. इकडचा नवा कोच जिंकला, तिकडे जुना.

"म्हणजे पगारही वाढलाच असेल त्याचा," भाभी म्हणाल्या. "सांगते पोट्ट्याला. नोकरी बदलायची तर अशी बदल म्हणा, उगीच दर सहा महिन्यांनी काय!"